रक्ताची साक्ष व मनुष्याचा हक्क

(पिशोर येथें ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली, तेव्हां प्रथम आम्हांस संकोच वाटला. अशा दिवशीं पूर्वजांचें स्मरण करावें, गेल्या वर्षांचा हिशोब मांडावा, उपकारकर्त्यांचे आभार मानावे, असा शिरस्ता आहे. आणि तें काम आमच्याहून अधिक अधिकारी मंडळींनीं या अंकांत केलेंच आहे. आम्हीं आज एक निराळाच विषय हातीं घेतला आहे. उत्सवाच्या दिवशीं तो शोभत नाहीं असें कोणास वाटल्यास त्यानें क्षमा करावी. परंतु हा विषय आतां आपल्या उंबरठ्याच्या आंत येऊन बसला आहे, आणि त्याच्याकडे पाठ फिरविणें आपणांस यापुढें परवडणारें नाहीं.

गेल्या वर्षीं, कापूस वेंचणीचे दिवस होते, अशाच एका सभेनंतर लोक पांगले आणि एक बाई मागें थांबली. बरोबर चार-पांच वर्षांचा मुलगा. तिची हकीकत थोडक्यांत अशी : नवऱ्याशीं खटके उडाले, ती माहेरीं आली, दोन्ही घरच्या वडील माणसांनीं बसून समेटाचीं बोलणीं केलीं, आणि त्या बैठकींत सासरच्या एकानें काढलें कीं, पोरगा आपल्या घराण्यावर गेलेला दिसत नाहीं, शहरांत नेऊन त्याचें "डी.एन.ए." करून आणा, कागद चांगला आला तर घरांत घेऊं. बाई रडली नाहीं. ती आम्हांस म्हणाली, "भाऊ, मी खोटी नाही. मग पोराचं रक्त द्यायला मी भिऊ कशाला? देऊन टाकते न् सगळ्यांची तोंडं बंद करते." तेवढ्यांत मुलानें तिचा पदर ओढला व "रक्त कशाला?" असें विचारलें.

आम्हांस त्या दिवशीं नीट उत्तर सुचलें नाहीं. "बाई, घाई करूं नका," एवढेंच आम्ही बोललों, आणि घरीं आल्यावर आमची आम्हांसच लाज वाटली. आजचें हें व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरां सुचलेलें उत्तर होय.

प्रथम ही तपासणी म्हणजे काय तें पाहूं. येथें बसलेल्या शेतकऱ्यांना तें समजण्यास पुस्तकाची गरज नाहीं. मक्याचें संकरित बी आपण दर वर्षीं दुकानांतून नवें आणतों. घरचेंच कणीस राखून दुसऱ्या वर्षीं पेरलें तर ताटें एकसारखीं येत नाहींत. कोणतें उंच, कोणतें खुजें, आणि कणसांचा तर मेळच नाहीं. असें कां व्हावें याचें गणित जगांत प्रथम ज्यानें मांडलें तो एक कॅथलिक मठवासी होता. ग्रेगोर मेंडेल हे १८२२ सालीं शेतकऱ्याच्या घरीं जन्मले व पुढें ब्रनो शहरांतील ऑगस्टिनियन मठांत दाखल झाले. १८५६ पासून सुमारें आठ वर्षें त्यांनीं मठाच्या बागेंत वाटाणा लावला, तोडला, मोजला, आणि वहींत लिहून ठेवला. उंच व खुज्या वाटाण्याचा संकर केला म्हणजे पहिल्या पिढींत सारीं झाडें उंच येतात. परंतु त्यांचेंच बी पुन्हां पेरलें तर चारांत एक या मानानें खुजें झाड परत उगवतें. अर्थात् तो गुण नाहींसा झालेला नव्हता, आंत दडून बसला होता. हा निबंध त्यांनीं १८६५ सालीं वाचला व १८६६ सालीं छापला. कोणीं त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. ते १८८४ सालीं वारले, आणि १९०० सालीं तिघां निरनिराळ्या शास्त्रज्ञांनीं तो निबंध पुन्हां उजेडांत आणला. मेंडेल यांचीं अखेरचीं वर्षें मठांवर बसविलेल्या एका कराच्या कायद्यावरून सरकारशीं भांडण्यांत गेलीं. वाटाण्याचा शोध लावणारा मनुष्य कलमांच्या जंजाळांत सांपडला. आमच्या आजच्या विषयास हा योगायोग शोभण्यासारखा आहे.

वाटाण्यांत जें घडतें तेंच मनुष्यांत घडतें. आपल्या देहाच्या प्रत्येक पेशींत अर्धा आईकडचा व अर्धा बापाकडचा असा एक सूक्ष्म लेख असतो. त्या लेखावरून मनुष्य ओळखण्याची युक्ति इंग्लंडांतील लेस्टर येथें ॲलेक जेफ्रीज यांनीं १९८४ सालीं शोधून काढली. आपल्याकडे हैद्राबाद येथें डॉ. लालजी सिंग यांनीं ती विद्या सिद्ध केली, आणि १९८९ सालीं केरळांतील तेल्लिचेरीच्या न्यायालयांत पितृत्वाच्या एका वादांत ती पुरावा म्हणून उभी राहिली. आतां तर रक्तही काढावें लागत नाहीं. गालाच्या आंतून कापसाचा बोळा फिरविला कीं पुरे. खासगी प्रयोगशाळा टपालानें नमुने मागवितात व थोड्या दिवसांत कागद घरीं येतो. जें काम पूर्वीं न्यायाधीशालाही दुर्घट होतें तें आज कोणाही रागावलेल्या मनुष्याच्या हातांत आलें आहे.

येथें कायदा आपल्यापुढें येतो. मुलाचा बाप कोण, या प्रश्नाचें उत्तर आपल्या देशाच्या कायद्यानें १८७२ सालींच देऊन ठेवलें. त्या सालच्या पुराव्याच्या कायद्याचें ११२ वें कलम असें सांगत असे कीं, कायदेशीर विवाह चालू असतां, किंवा तो विवाह संपल्यापासून २८० दिवसांच्या आंत व आईनें पुनर्विवाह केलेला नसतां, जें मूल जन्मलें तें त्या पतीचेंच होय. आणि हा निर्णायक पुरावा समजावा. अपवाद एकच. मूल राहिलें त्या काळीं पतिपत्नींचा एकमेकांशीं संबंध येणेंच शक्य नव्हतें, असें सिद्ध झालें पाहिजे. १ जुलै २०२४ पासून जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यांत हीच तरतूद ११६ व्या कलमांत जशीच्या तशी उभी आहे.

आमच्या धर्मसभेची रीतही याहून निराळी नाहीं. १९८३ च्या कायदेसंहितेंत असें म्हटलें आहे कीं, विधियुक्त विवाह ज्याच्याकडे बोट दाखवितो तोच बाप, मात्र उघड पुराव्यानें उलट सिद्ध झालें तर गोष्ट निराळी. आणि तेथें मुदत २८० ऐवजीं ३०० दिवसांची आहे. दोन्ही कायदे एकमेकांस विचारून केलेले नाहींत. दोहोंचें मूळ रोमन कायद्यांत असलें तरी कारण साधें आहे. मूल स्वतःची साक्ष देऊं शकत नाहीं. त्याच्या जन्माबद्दल शेजारी, सासू, भाऊबंद जें कांहीं बोलतील त्याची शिक्षा त्यालाच भोगावी लागते. म्हणून कायद्यानें त्याच्याभोंवती एक कुंपण घातलें.

परंतु जेव्हां विज्ञान कुंपणावरून आंत पाहूं लागलें तेव्हां काय करावें? या प्रश्नावर आपल्याच महाराष्ट्रांतील दोन खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि दोहोंचे निकाल वरवर पाहतां एकमेकांविरुद्ध भासतात. पक्षकार हीं खासगी माणसें आहेत, त्यांचीं नांवें घेण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं.

पहिला खटला विदर्भांतील. पत्नीनें स्वतःकरितां व मुलीकरितां पोटगी मागितली. पतीनें मुलगी आपली नव्हे असा पवित्रा घेतला. प्रकरण वर जातां जातां डी.एन.ए. चाचणी झाली, तिच्यावर समाधान न झाल्यानें हैद्राबाद येथें ती पुन्हां केली गेली, आणि दोन्ही वेळां उत्तर एकच आलें, कीं हा मनुष्य मुलीचा जन्मदाता नाहीं. ६ जानेवारी २०१४ रोजीं न्यायालयानें निकाल दिला कीं, कायद्याचें गृहीत हें सत्य ठाऊक नसतांना उपयोगी पडतें. सत्य निःसंशय समोर उभें असतां गृहीताला मागें सरलें पाहिजे. पतीवर मुलीच्या पोटगीचा बोजा टाकतां येणार नाहीं.

हा निकाल वाचून आमच्या मनांत दोन विचार आले व ते आजही एकमेकांशीं पूर्णपणें जुळत नाहींत. जो पिता नव्हे त्याला पिता म्हणून जन्मभर बांधून ठेवणें हाही अन्याय आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पुरुषालाही हक्क असतात. पण त्या मुलीचें काय? ती वादांत कोठेंच नव्हती. कागद आला त्या दिवशीं तिचा बाप गेला आणि त्याच्या जागीं दुसरा कोणी आला नाहीं. न्यायालयासमोर चाचणी आधींच होऊन बसली होती, म्हणून त्याला दुसरा मार्ग नव्हता, असें आम्हांस वाटतें. कागद एकदां झाला म्हणजे तो न झाल्यासारखा करतां येत नाहीं.

दुसरा खटला पुण्याचा, आणि तो आमच्या त्या बाईच्या प्रश्नास अगदीं लागून आहे. विवाह २००५ सालचा, दोन मुलगे. पतीनें पत्नीवर व्यभिचाराचा आरोप करून घटस्फोट मागितला, आणि तो आरोप सिद्ध करण्यासाठीं धाकट्या मुलाची डी.एन.ए. चाचणी व्हावी असा अर्ज केला. पुण्याच्या कुटुंब न्यायालयानें तो मान्य केला. मुंबई उच्च न्यायालयानें तो कायम ठेवला. आई सर्वोच्च न्यायालयांत गेली. २० फेब्रुवारी २०२३ रोजीं न्यायमूर्ति रामसुब्रमण्यन् व न्यायमूर्ति नागरत्ना यांनीं खालचे दोन्ही हुकूम रद्द केले.

त्यांचें म्हणणें काय होतें तें आपण नीट ध्यानांत घ्यावें. भांडण नवराबायकोचें आहे. आरोप बायकोवर आहे. तो सिद्ध करावयाचा तर साक्षीदार आणा, इतर पुरावा आणा. परंतु त्यासाठीं ज्यानें कांहींच केलेलें नाहीं, जो खटल्यांत पक्षकारही नाहीं, अशा मुलाच्या देहाला पुराव्याची वस्तु बनवूं नका. मूल कोणाचें, हा प्रश्न घटस्फोटाच्या दाव्यांत मुख्य नव्हता. तो आडवाटेनें आणला होता. दुसरें असें कीं, आईनें चाचणीस नकार दिला एवढ्यावरून तिच्याविरुद्ध अनुमान काढून मुलाला अनौरस ठरवितां येणार नाहीं, कारण आईचा नकार हा मुलाचा नकार नव्हे व त्याचा दंड मुलानें भोगावयाचा नाहीं. आपण कोण, आपलीं माणसें कोण, ही ओळख अकारण हिरावली जाऊं नये हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे. भारतानें १९९२ सालीं स्वीकारलेल्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांतही ओळख जपण्याचा हक्क आहे.

दोन्ही निकाल शेजारीं ठेवले म्हणजे विरोध मावळतो. सत्य समोर आलेलें असेल तर त्याच्याकडे डोळे मिटूं नयेत; परंतु केवळ संशयापायीं मुलाच्या देहांत सत्य खणून काढण्याचा हुकूम सहज देऊं नये. खरोखर आवश्यक असेल, दुसरा मार्गच नसेल, तरच.

तोल प्रत्येक वेळीं नव्यानें धरावा लागतो, हेंही सांगितलें पाहिजे. माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांच्या प्रकरणांत मुलगाच प्रौढ होऊन आपला बाप कोण तें विचारीत होता. त्याच्या मागणीवरून २०१२ सालीं तिवारी यांना रक्त द्यावें लागलें, व पितृत्व सिद्ध झालें. उलट, जानेवारी २०२५ मध्यें केरळांतील एका खटल्यांत मुलगा स्वतः मागत असूनही, ज्याच्याकडे तो बोट दाखवीत होता त्या पुरुषाची अब्रू व खासगी जीवन यांचा विचार करून सर्वोच्च न्यायालयानें चाचणीस नकार दिला.

आतां त्या बाईचें म्हणणें पुन्हां आठवूं : मी खोटी नाहीं, मग भिऊ कशाला? हें वाक्य ऐकावयास फार शूर वाटतें. आम्हांसही वाटलें होतें. परंतु हक्क हे केवळ लपविणाऱ्यांसाठीं असतात ही समजूतच चुकीची आहे. ज्याच्याजवळ मोठें पाप नाहीं त्यानें आपलें पापनिवेदन ध्वनिक्षेपकावरून करावें असें आपण म्हणत नाहीं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें ठरविलें कीं, खासगीपणा हा घटनेनें दिलेल्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. देहाच्या आंतला लेख याहून खासगी तें काय असणार? आणि त्या लेखांत बाईचें एकटीचें कांहीं नाहीं. त्यांत मुलाचें आहे, मुलाच्या पुढच्या पिढीचें आहे, तिच्या भावंडांचेंही थोडें आहे. ती आपल्या बाजूनें उदार होऊं पाहत होती. पण देत होती तें मुलाचें होतें.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. आज तिनें चाचणी दिली व कागद चांगला आला, तर तोंडें बंद होतील काय? ज्या घरानें एकदां कागद मागितला त्या घरांत दुसऱ्या बाळंतपणानंतरही कागद मागितला जाईल. मग जावेलाही मागतील. आळींतील प्रत्येक सून आपला कागद घेऊन फिरूं लागेल, आणि जिनें देण्याचें नाकारलें ती गुन्हेगार ठरेल.

याचा अर्थ आम्ही आनुवंशिक तपासणीचेच वैरी आहों असा कोणीं करूं नये. सिकल सेल नांवाचा रक्ताचा विकार आपल्या राज्यांत नंदुरबार, गडचिरोली व विदर्भाच्या इतर भागांत पुष्कळ आढळतो. आपल्या भागांत त्याचा बोभाटा तितका नसला, तरी कन्नड तालुक्यांत भिल्ल बांधवांची वस्ती आहे, आणि आपल्यापैकीं कित्येकांच्या सोयरिकी विदर्भाकडे आहेत. येथें मेंडेल यांचा वाटाणा पुन्हां उपयोगी पडतो. विकाराचा गुण आईबापांपैकीं एकाकडूनच आला तर मनुष्य केवळ वाहक होतो. तो शेत नांगरतो, मुलें वाढवितो, त्याला बहुधा ठाऊकही नसतें. दोघे वाहक एकत्र आले तर प्रत्येक गरोदरपणीं चारांत एक या मानानें मूल रोगी होण्याचा, चारांत दोन या मानानें वाहक होण्याचा व चारांत एक या मानानें सर्वस्वीं मोकळें असण्याचा संभव असतो. रोगी मुलाच्या हाडांसांध्यांत ज्या कळा येतात त्या ज्यानें पाहिल्या आहेत तो या तपासणीस नांवें ठेवणार नाहीं. केंद्र सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं या विकाराच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांना तपासण्याचा तिचा संकल्प आहे, व तपासलेल्यास एक पत्र मिळतें. लग्न ठरवितांना पत्रिकेऐवजीं हीं पत्रें जुळवून पाहावीं असें सांगतात.

सल्ला चांगला आहे. पण आमच्या समाजाचा स्वभाव आम्हांस ठाऊक आहे. पत्र दोघांनीं मिळून पाहण्यासाठीं दिलेलें असतें. आपल्याकडे मुलीचें आधीं मागतात. मुलगी वाहक निघाली तर "हिच्यांत रोग आहे" म्हणून गांवभर होतें, आणि मुलाला तपासावें असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. वास्तविक वाहक मुलीचें लग्न मोकळ्या मुलाशीं झालें तर रोगी मूल जन्मण्याचें कांहींच कारण नाहीं. वाहक असणें हा रोग नव्हे, मग कलंक कोठला? धर्मसभेच्या कायद्यांतही असा विकार हा विवाहास अडथळा मानलेला नाहीं. मात्र दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. ज्या गोष्टीनें पुढें संसार गंभीरपणें बिघडण्यासारखा आहे ती होकार मिळविण्याकरितां मुद्दाम लपविली, तर त्या फसवणुकीनें विवाहच अवैध ठरूं शकतो, असें त्याच कायद्याचें १०९८ वें कलम सांगतें. म्हणून आमचें मत असें कीं, ज्याच्याशीं जन्म काढावयाचा त्याला सांगावें, आणि तें त्यालाच सांगावें. मामाला, सोयरीक जुळविणाऱ्याला व पंगतींतल्या मंडळींना तें कळण्याचें कारण नाहीं.

नोकरी व विमा यांचाही प्रश्न आहे; त्यावर थोडेंच बोलतों. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यानें सिकल सेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया या तिन्ही रोगांच्या रुग्णांना संरक्षण दिलें. २०१८ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें, केवळ आनुवंशिक विकार आहे म्हणून विमा नाकारणें हा भेदभाव होय, असें म्हटलें. प्रकरण पुढें सर्वोच्च न्यायालयांत नेण्यांत आलें, तरी त्याच वर्षीं विमा नियामकानेंही या कारणावरून दावे फेटाळूं नयेत असें कंपन्यांना कळविलें. अमेरिकेंत यासाठीं २००८ सालीं स्वतंत्र कायदा झाला.

रक्त पाहून माणसें निवडण्याची हांव कोठवर जाते हें जगानें एकदां पाहिलेलें आहे. अमेरिकेंतील सर्वोच्च न्यायालयानें १९२७ सालीं "अयोग्य" ठरविलेल्या एका तरुण स्त्रीची सक्तीनें नसबंदी करण्यास मान्यता दिली. जर्मनींत १९३३ सालीं तसा कायदा होऊन सुमारें चार लाख माणसांची नसबंदी झाली, आणि त्यासाठीं खास न्यायालयें बसलीं होतीं. म्हणजे अन्याय कायद्याचा झगा घालून बसला होता. अकरावे पायस यांनीं ३१ डिसेंबर १९३० च्या आपल्या परिपत्रकांत, संतति सदोष होईल या भीतीनें सरकारनें माणसांचा विवाह रोखणें वा त्यांच्या देहावर घाव घालणें याचा निषेध केला, तो जर्मन कायद्याच्या आधींच.

परंतु परदेशाकडे बोट दाखवून आपण सुटूं नये. आपल्या घरांत काय झालें? गर्भजल सुईनें काढून तपासण्याची विद्या आनुवंशिक रोग ओळखण्यासाठीं आली. आपल्या देशांत तिचा उपयोग मुलगी ओळखण्यासाठीं झाला. मुंबईंतील स्त्रीसंघटना, डॉक्टर व वकील यांनीं चळवळ केली तेव्हां १९८८ सालीं महाराष्ट्रानें देशांतील पहिला प्रतिबंधक कायदा केला. १९९४ सालीं केंद्रानें कायदा केला व तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तो कागदावरच राहिल्याचें पाहून मुंबईची "सेहत" व पुण्याची "मासूम" या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज हे सर्वोच्च न्यायालयांत गेले. त्यानंतर कोठें सोनोग्राफीच्या यंत्रांची नोंद सुरू झाली, आणि २००३ सालीं कायदा अधिक कडक झाला. इतकें होऊनही २०११ च्या जनगणनेंत आपल्या औरंगाबाद, आतांच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें मुली किती होत्या? ८५८. दहा वर्षांपूर्वीं त्या ८९० होत्या. शेजारच्या बीडमध्यें तर ८०७. हे आंकडे परक्या लोकांचे नाहींत. आपल्या अंजना नदीच्या कांठचीं घरेंही त्यांत मोजलेलीं आहेत.

त्या कायद्यांत एक कलम आम्हांस विशेष वाटतें, तें २४ वें. गर्भाचें लिंग तपासून घेतलें गेलें तर त्या स्त्रीवर पतीनें वा नातेवाइकांनीं सक्ती केली असेंच न्यायालयानें गृहीत धरावें, उलट सिद्ध होईपर्यंत. १८७२ चें कलम मुलाच्या बाजूनें गृहीत धरतें. हें आईच्या बाजूनें. ज्याला घरांत बोलतां येत नाहीं त्याच्या वतीनें कायद्यानें बोलावें, असा दोहोंचा रोख आहे. आणि रोगाच्या तपासणीसाठींही, त्या तपासणीचे सर्व परिणाम तिच्या भाषेंत समजावून, तिची लेखी संमति घेतल्यावांचून डॉक्टरला पुढें जातां येत नाहीं. तिची संमति, सासूची नव्हे. आमच्या माहितींतील कित्येक बायांनीं अशा कागदावर सही केली, पण काय लिहिलें होतें तें त्यांना कोणीं वाचून दाखविलें नाहीं.

म्हणून येथें बसलेल्या मायबहिणींस आम्ही कांहीं गोष्टी सांगतों. मुलाचें रक्त वा लाळ घरगुती बैठकीच्या सांगण्यावरून देऊं नका. पंचांना तसा हुकूम करण्याचा अधिकार नाहीं. न्यायालयानें विचारलें तर वकिलामार्फत उत्तर द्या, आणि आवश्यकता काय तें विचारण्याचा तुम्हांस हक्क आहे. मुलाची पोटगी मूल औरस असो वा नसो मागतां येते. स्त्रिया व मुलें यांस, त्यांचें उत्पन्न कितीही असलें तरी, १९८७ च्या विधि सेवा कायद्यानें वकील फुकट मिळतो; त्यासाठीं कन्नडच्या न्यायालयांत जाऊन तालुका विधि सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा लागतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनि केला तरी वाट दाखवितात. आणि पुरुष मंडळींस एवढेंच : संशय आला तर बायकोशीं बोला, फादरांशीं बोला, शेवटीं न्यायालयांत जा, पण झोंपलेल्या मुलाच्या गालांतून चोरून बोळा फिरवूं नका.

त्या बाईस आम्हीं पुढें कन्नडला धाडलें. तिला वकील मिळाला, त्यानें एक पत्र लिहिलें, आणि चाचणीची मागणी मागें घेतली गेली. समेट झाला असें आम्ही खोटें सांगणार नाहीं. नवरा अद्याप न्यावयास आलेला नाहीं. मुलाच्या खर्चाचे पैसे मात्र महिन्याच्या महिन्यास येऊं लागले आहेत. जूनमध्यें तिनें मुलाला शाळेंत घातलें. आम्ही त्या बाजूस गेलों असतां मास्तरांनीं हजेरीपट दाखविला. मुलाच्या नांवापुढें त्याच्या बापाचें नांव आहे, आणि तें तेथें लिहिण्यासाठीं कोणीं त्याच्या रक्ताचा थेंब मागितलेला नाहीं.